नाशकात राहून कोणती भाषा शिकलात? कुठे, कुणाकडून? अनुभव लिहा

नमस्कार. मी गंगापूर रोडला राहते आणि नोकरीनिमित्त नाशकात आलेल्या अमराठी लोकांना मराठी शिकवते. वर्गात ते बऱ्यापैकी बोलतात, बाहेर पडले की अडतात. कारण ते जरा अडखळले की समोरचा नाशिककर लगेच हिंदीवर येतो. दुसरीकडे ओळखीतली मराठी मुलं पैसे भरून जर्मन, जपानीच्या क्लासला जातात आणि म्हणतात, "नाशकात बोलायला कोण मिळणार?"

मला हे पटत नाही. मुंबईत एका जिन्यावर चार भाषा कानावर पडतात, तसं इथे होत नाही हे खरं. इथल्या भाषा वस्ती धरून आहेत. देवळाली कॅम्पात सिंधी आणि गुजराती, भद्रकाली, चौक मंडईकडे उर्दू, शिंगाडा तलावाच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबी, सातपूर-अंबडच्या खोल्यांमधून भोजपुरी. छठला गोदाघाटावर गेलात तर भोजपुरी गाणी पहाटेपर्यंत ऐकता येतात. पण त्यासाठी मुद्दाम उठून जावं लागतं, आणि आपण जात नाही.

तुम्ही गेला असाल तर लिहा. नुसतं "नाशिक सगळ्यांना सामावून घेतं" एवढं नको. कुणाशी बोललात, कशावर अडलं, काय उपयोगी पडलं, ते हवं.

*उत्तमनगर, सिडको*

ताई, तुमच्या यादीत अहिराणी नाही म्हणून आधी तेच लिहिते. माझं माहेर सिन्नरचं, सासर सटाण्याकडचं. सासरे अंबडच्या कंपनीत लागले आणि कुटुंब सिडकोत आलं. आमच्या गल्लीत निम्मी घरं धुळे, जळगाव, बागलाणातली. घराघरांत अहिराणी, पण दाराबाहेर पुस्तकी मराठी. सासूबाई शेजारणीशी "कथा जाई राह्यनी व?" म्हणायच्या आणि माझ्याकडे वळल्या की "कुठे निघालीस?" मला ते परकं वाटायचं. एक दिवस म्हटलं, "आई, माझ्याशीपण तसंच बोला." त्यांना आधी खरंच वाटेना. "तुले काय कराना शे ते शिकीसन?" असं विचारलं, पण त्या दिवसापासून बोलायला लागल्या.

शिकले ती स्वयंपाकघरात. खापरावर मांडे टाकताना हात रिकामे नसतात, म्हणून सूचना तोंडीच येतात आणि लगेच कळाव्या लागतात. आठे ठेव, तठे ठेव, इतकं आधी आलं. मग लग्नातली गाणी आली. हळदीला म्हाताऱ्या बायका गातात, एक ओळ त्यांची, एक ओळ सगळ्यांची. दुसऱ्या ओळीत मिसळायला कुणाची परवानगी लागत नाही. क्रियापदं मला तिथे बसली, पुस्तक उघडून बसली नसती.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आमच्या गल्लीतल्या मुलांना अहिराणी समजते, बोलता येत नाही. शाळेत हसतील म्हणून आईबापांनीच त्यांच्याशी बोलणं टाळलं. मी सुनेच्या नात्याने शिकले आणि नातवंडं राहून गेली. हे मला मान्य नाही. माझ्या मुलीशी मी आता अहिराणीतच बोलते.

*ओझर टाउनशिप, निवृत्त*

मी रशियनबद्दल लिहितो. ओझरचा विमान कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० सुद्धा इथे बांधली गेली. तंत्रज्ञान सोव्हिएत, म्हणून मूळ कागदपत्रंही रशियन. मी लागलो तेव्हा ड्रॉइंगवरच्या टिपा वाचता येण्यापुरती लिपी शिकलो. अक्षरं लवकर आली, विभक्ती मात्र छळायच्या. तिथे माझं लहानपणीचं संस्कृत कामी आलं. सहा विभक्ती म्हटल्यावर बाकीचे घाबरले, आठ पाठ केलेल्या माणसाला त्याचं विशेष वाटलं नाही.

बोलायची संधी टाउनशिपच्या बाजारात मिळायची. रशियन तज्ज्ञ कुटुंबासह राहत. त्यांच्या बायका भाजी घ्यायला येत. भाजीवाल्या मावशी आकडे रशियनमध्ये सांगत आणि त्या बाया "किती?" मराठीत विचारत. दोन्हीकडून चार-चार पावलं टाकलेली होती, मी मधे उभा राहून ऐकायचो. शिकणाऱ्याला याहून चांगली जागा नाही, कारण वाक्य लहान, विषय ठरलेला, आणि तेच रोज.

*अंबड, मूळ गाव कोट्टायम*

मी मराठी शिकणारा आहे. लिहिलेलं मित्राने तपासलं आहे. ताई सांगतात ते बरोबर. मी मराठीत विचारतो, उत्तर हिंदीत येतं. लोक मदत म्हणून करतात, त्यांचा हेतू चांगला. पण माझी मराठी वाढत नाही. मग मी सरळ सांगायला लागलो, "माझ्याशी मराठीतच बोला, सावकाश बोला." नव्वद टक्के लोकांना आनंद होतो. आमच्या कँटीनच्या मावशींनी तर नियम केला, मराठीत मागितलं तरच रस्सा परत मिळेल.

कँटीनमध्ये "काय भो" ऐकून मी साहेबांनाही "काय भो" म्हणायचो. मावशींनी समजावलं की ते बरोबरीच्या मित्राला. कुणाला तू, कुणाला तुम्ही, कुणाला अहो, हे मला व्याकरणापेक्षा अवघड गेलं. अजून मोठ्या वहिनींशी बोलताना थांबून विचार करतो.

फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जरूर या. वसई, गोवा, मुंबई, सगळीकडून माणसं येतात. एका रांगेत मल्याळम, तमिळ, कोकणी आणि मराठी. वसईच्या लोकांची मराठी मला पहिल्यांदा मराठी वाटलीच नाही. आता थोडी समजते.

*सातपूर*

जर्मन. आमची कंपनी जर्मन कंपनीला सुटे भाग देते. लेखी परीक्षा पास झालो, बोलणं ऑनलाइनच. शहरात जर्मन माणूस भेटत नाही, भेटला तर इंग्रजी बोलतो. एवढंच.

*त्र्यंबकेश्वर*

आमच्या घरी पिढीजात पौरोहित्य. आमच्याकडे येणारे यजमान बरेचसे आंध्र, तेलंगणा आणि कर्नाटकातले. मी तेलुगू कुठे शिकलो नाही, ती पूजेत आली. संकल्पाला गोत्र, नाव, गाव विचारावंच लागतं. एकदिवसाच्या विधीत तेवढ्यावरच भागतं. नारायण नागबळी मात्र ३ दिवसांचा. कुटुंब मुक्कामाला असतं, संध्याकाळी रिकामं असतं. आजीबाई गप्पांना बसतात, नातवंडांबद्दल सांगतात, जेवणात काय कमी आहे ते सांगतात. मी त्या ३ दिवसांत जे शिकतो ते बाकी वर्षभर टिकतं. तेलुगू लिपी अजून वाचता येत नाही, त्याची खंत आहे. यजमानाने कागदावर नाव लिहून दिलं तर त्यालाच वाचायला लावतो.

२०२७ च्या सिंहस्थात अमृतस्नानाला शैव आखाडे आमच्याकडे कुशावर्तावर आणि वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर असतील. तेव्हा हिंदीच्याच किती तऱ्हा ऐकायला मिळतील! शिकणाऱ्यांनी साधुग्रामात फिरावं. गर्दीच्या पर्वणीला नको, अधल्यामधल्या दिवशी.

*पेठ तालुका, शिक्षक*

मला एक खटकलं. यादीत पंजाबी आली, भोजपुरी आली, आपल्या जिल्ह्याच्या डोंगरातली कोकणा आली नाही. पेठ-सुरगाण्यात ती घरची भाषा. तीच पुढे गुजरातेत डांग, वलसाडपर्यंत बोलतात. पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी दुसरी भाषा असते, आणि गुरुजी समजतात पोर मठ्ठ आहे. मी आश्रमशाळेत लागलो तेव्हा आधी पोरांकडून त्यांची भाषा शिकायला बसलो. झाडं, पक्षी, मासे, खेकडे, यांची नावं ती मला शिकवायची. त्या तासाला वर्गातलं सगळ्यात गप्प पोर सगळ्यात जास्त बोलायचं.

नाशिककरांना त्यासाठी घाट चढायचीही गरज नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हीच माणसं कामाला असतात. बागाईतदार त्यांच्याशी रोज बोलतात, हुकमापुरतं. त्यांच्यातला एखादा जरी त्यांच्या भाषेत "जेवलात का?" विचारायला शिकला तरी मला फार बरं वाटेल.

*शरणपूर रोड*

इतिहासातली भर घालतो, कारण विषयाला धरून आहे. शरणपूरच्या मिशनमध्ये १९व्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायला होती. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये त्याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. पूर्व आफ्रिकेच्या भाषा बोलत आलेली मुलं या रस्त्यावर वाढली, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

त्यांना पांडवलेण्यांवरही नेतो. १७ क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, खोदवलं, आणि त्याचा लेख ग्रीकमध्ये नाही, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहे. बाहेरून आलेला माणूस इथल्या भाषेत आपलं नाव कोरून ठेवतो. चार रविवार दिले तर ब्राह्मीची मुळाक्षरं येतात, मग तो लेख समोर उभं राहून लावता येतो. ज्यांना यायचंय त्यांनी सांगा.

*धागा सुरू करणारी*

पेठच्या सरांचं म्हणणं अगदी रास्त आहे, कोकणा वर यायलाच हवी होती. सर, पोरांनी सांगितलेली ती नावं वहीत असतील तर इथे टाकाल का? देवनागरीत, उच्चार असतील तसेच.

उत्तमनगरच्या ताई, माझ्या वर्गात बिहारहून आलेल्या दोघी आहेत, राहायला तुमच्याच भागात. त्यांना मराठी ऐकायला घर हवंय, आणि त्या मैथिली बोलतात. एखाद्या दुपारी पाठवू का तुमच्याकडे? मांडे असतील तर मीही येईन.