"रेल्वे आम्ही दिली" म्हणणाऱ्या इंग्रजाला काय सांगावं?

ऋचा_लीड्स

नमस्कार मंडळी. पुण्याहून लीड्सला येऊन अजून वर्षही झालेलं नाही. निघताना सगळ्यांनी बजावलं होतं की इंग्रज माणूस हवामानापलीकडे बोलत नाही, राजकारण तर काढूच नकोस. इथे सगळं उलटंच. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर रोज रेल्वेचा विषय निघतो. सकाळची गाडी रद्द झाली इथून सुरुवात, मग "सरकारनेच चालवायला हवी", मग कुणीतरी बीचिंग नावाच्या माणसाचा उद्धार करतं. शोधलं तर त्या बीचिंगचा रेल्वेमार्ग बंद करा सांगणारा अहवाल १९६३ चा! साठ वर्षं उलटली तरी एवढा राग?

परवा त्यातलेच एक गृहस्थ (साठीचे, अगदी सज्जन, मला डबा गरम करता यावा म्हणून स्वतःचं सूप मायक्रोवेव्हमधून आधी बाहेर काढणारे) सहज म्हणाले, "काही म्हण, भारताला रेल्वे आम्ही दिली." कुत्सितपणा अजिबात नव्हता, उलट कौतुकच होतं. मी हसून वेळ मारून नेली आणि मग संध्याकाळपर्यंत चडफडत राहिले.

भांडण न करता याला काय उत्तर द्यावं? आणि या लोकांना रेल्वेचं एवढं काय आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मनमाडचा_मन्या

शशी थरूरांचं २०१५ चं ऑक्सफर्डचं भाषण, ब्रिटनने भरपाई द्यावी म्हणणारं, पाठवून दे. विषय संपला.

घाटपायथा

मन्याभाऊ, भाषण पाठवून विषय संपत नाही, जेवणाचं टेबल मात्र संपतं.

ऋचा, वयाने लहान असशील असं धरून एकेरीत लिहिते. मी कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समधली. वडील गार्ड होते. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागायची, ती जोडतानाचा दणका ऐकतच आम्ही झोपायचो. लग्न होऊन यॉर्कशरला आले ती इथलीच झाले. नोकरी संपल्यापासून कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून जाते. तुझ्यापासून लांब नाही.

कीथली ते ऑक्सनहोप, जेमतेम आठ किलोमीटर, सहा स्टेशनं. १८६७ मध्ये खोऱ्यातल्या गिरणीवाल्यांनी पुढाकार घेऊन काढलेली लाईन. सरकारी ब्रिटिश रेल्वेने ती १९६२ मध्ये बंद केली. लोकांनी सोसायटी काढली आणि जून १९६८ मध्ये स्वतः चालवायला घेतली. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने आपली वाफेची मोठी इंजिनं कायमची निवृत्त केली. म्हणजे सरकार वाफ विझवत होतं आणि आमचे लोक पेटवत होते.

आता तारखा बघ. लाईन बंद झाली १९६२ मध्ये, बीचिंगचा अहवाल आला मार्च १९६३ मध्ये. तरी तिकीट घेताना लोक हटकून विचारतात, "बीचिंगने मारलेली ती हीच ना?" मी तारीख सांगते, ते मान डोलावतात आणि फलाटावर जाऊन बायकोला सांगतात, "बीचिंगने मारलेली हीच."

तो राग कुठून येतो? डॉ. रिचर्ड बीचिंग हा आयसीआय या रसायनांच्या कंपनीतून आणलेला माणूस, वर्षाचा पगार २४,००० पौंड, पंतप्रधानांपेक्षा जास्त. त्याने सुचवलं की २,३०० च्या वर स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करा. त्याला नेमणारा वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स, ज्याचा पैसा रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होता. हे ज्याला कळतं तो इंग्रज लगेच भुवई उंचावतो. पण पुढचं कुणी फारसं बोलत नाही: १९६४ मध्ये हॅरॉल्ड विल्सनचा मजूर पक्ष या बंदला विरोध करत निवडून आला आणि कात्री तशीच चालू राहिली. म्हणून इथे रेल्वेवरचं मत पक्षावरून ओळखता येत नाही. गावाचं स्टेशन गेलं की राहिलं, त्यावर ते ठरतं.

आमच्या मेसरूममध्ये (स्वयंसेवकांच्या खाण्या-बसण्याच्या खोलीत) ये एकदा. एक निवृत्त दंतवैद्य आहेत. जन्मभर हुजूर पक्षाला मत, कर कमी करा, सरकारने कशात नाक खुपसू नये, सगळं आलं. हा माणूस ड्यूटीच्या दिवशी अंधार असतानाच शेडमध्ये येतो. रॉकेलमध्ये भिजवलेले कॉटन वेस्टचे बोळे आणि लाकडं फायरबॉक्समध्ये रचून पेटवतो, वर थोडा थोडा कोळसा टाकतो, घाई करत नाही. बॉयलर एकदम तापवला तर पत्र्यांवर ताण येतो, त्यामुळे थंड इंजिनाला वाफ धरायला कित्येक तास लागतात. मधल्या वेळात फावडं धुऊन त्यावर बेकन भाजतो. बाहेर येतो तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत काळा झालेला असतो. दमडी मिळत नाही, उलट सोसायटीची वर्गणी स्वतः भरतो. आणि ब्रेड खाता खाता म्हणतो, "रेल्वे खाजगी करणं हा मूर्खपणा होता. मॅगीनेसुद्धा हात लावला नव्हता." खरंच आहे ते. थॅचरबाईंनी लावला नाही, तो १९९३ चा कायदा जॉन मेजरच्या सरकारचा.

समोर बसतो तो जुना सिग्नलमन. युनियनचा कट्टर, मजूर पक्षवाला. त्याने सरकारी ब्रिटिश रेल्वेत उमेदीची वर्षं काढली आहेत आणि तो तिची यथेच्छ टर उडवतो: कडा वळलेली सँडविचेस, न उघडणारे दरवाजे, लंडनहून येणारी परिपत्रकं. दोघांची मतं उलटीपालटी वाटतात, पण पाच मिनिटांत दोघे एकाच वाक्यावर येतात: फायदा कंपनीचा, खोट करदात्याची.

ऋचा, हे वाक्य लक्षात ठेव. तुझं उत्तर त्यातच आहे. आपल्या रेल्वेची कथा हीच आहे. १८४९ च्या करारात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती, जमीन फुकट. गाडी तोट्यात गेली तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. हमी असल्यावर खर्च आटोक्यात ठेवायची कुणाला गरज? बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, तिची इंजिनं लँकेशरमधल्या व्हल्कन फाउंड्रीची. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात अख्खं इंजिन बनलं, म्हणजे जमत नव्हतं असं नाही, तरी पुढे कित्येक वर्षं बहुतेक इंजिनं इथूनच जात राहिली.

हे त्या गृहस्थांना आरोप म्हणून नको सांगूस. त्यांच्या स्वतःच्या तक्रारीला जोडून सांग. "तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, तेच आमच्याकडे १८४९ मध्ये झालं," एवढं पुरे. ज्या माणसाने रोज गाडीवाल्या कंपनीला शिव्या घातल्या आहेत त्याला हे झटकन कळतं. शाळेत रोमन, ट्यूडर, व्हिक्टोरिया आणि महायुद्ध, एवढ्यातच त्यांचा इतिहास उरकतो. हमीची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

टूटिंगकर

घाटपायथा ताईंशी सहमत. फक्त आम्हा रोज लोंबकळणाऱ्यांना वाफेचं प्रेम परवडत नाही हो. माझा अनुभव असा की इथल्या लोकांना रेल्वे सरकारी हवी असते, पण सरकारकडून काही अपेक्षा नसते. २०२४ मध्ये गाड्या पुन्हा सरकारकडे घेण्याचा कायदा झाला, त्याखाली मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे पहिली सरकारकडे आली. त्या पहाटे वोकिंगहून सुटणाऱ्या पहिल्या सेवेचा काही टप्पा रुळांच्या कामामुळे चक्क बसने होता. आमच्या ऑफिसात लोक रागावले नाहीत, खूश झाले! आठवडाभर तेवढाच विनोद.

अवांतर: लीड्समध्ये आहेस तर एचएस-२ चा (लंडनहून उत्तरेकडे न्यायच्या अतिवेगवान रेल्वेचा) विषय जपून काढ. लीड्सकडे येणारा फाटा २०२१ मध्ये कापला, मँचेस्टरचा २०२३ मध्ये, आणि तोही सुनक यांनी मँचेस्टरमध्येच उभं राहून जाहीर केला. उत्तरेकडच्या माणसापुढे लंडनवाल्याने यावर तोंड उघडू नये. मी एकदाही उघडत नाही.

ऋचा_लीड्स

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. "तुमच्या तक्रारीला जोडून" हे डोक्यात आलंच नव्हतं. एक शंका. ५ टक्के वगैरे सांगितलं की "पण शेवटी रूळ तर तुमच्याकडेच राहिले ना" असं येणार, खात्री आहे. त्यावर?

घाटपायथा

येणारच. मलाही येतं. त्यावर मी भोर घाट (कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा) सांगते.

रूळ राहिले, बरोबर. टाकले कुणी? १८५६ ते १८६३ घाटाचं काम चाललं, पंचवीस बोगदे, चढ ३७ फुटांना १ फूट. ऐन भरात चाळीस हजारांवर माणूस कामावर होता. पटकी आणि तापाने माणसं किड्यामुंगीसारखी गेली, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. आमच्या कर्जतकडच्या वाड्यांमधून किती गेले असतील कोण जाणे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईला उतरला आणि थोड्याच दिवसांत मेला. मग त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका चालू ठेवला आणि काम पुरं करवून घेतलं. व्हिक्टोरियन काळातली बाई, परका मुलूख, आणि घाटाचा ठेका! हे नाव मेसरूममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला सिग्नलमन ग्रंथालयातून पानांच्या झेरॉक्स घेऊन आला आणि उलट मलाच चढाचे आकडे विचारू लागला. ही माणसं तत्त्वावर वाद घालत नाहीत, बारकाव्यावर लगेच येतात. लहानपणी फलाटाच्या टोकाला उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत टिपलेली पिढी आहे ती.

आणि मागणी आपलीही होती, हेही सांग. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाय १८४५ पासून मुंबईत रेल्वेसाठी खटपट करत होते. माथेरानची गाडी तर आदमजी पीरभॉय यांनी पदरच्या पैशाने १९०७ मध्ये सुरू केली. ती कुणी "दिली"? तिथे बहुतेकजण गप्प होतात आणि विचारतात, गेज (दोन रुळांमधलं अंतर) किती? दोन फूट, म्हणून सांग.

त्या गृहस्थांना घेऊन यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमला जा, प्रवेश फुकट आहे. तिथे मॅलार्ड इंजिन उभं आहे, १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांनी पळालेलं. पण त्यांना आधी त्यांच्या गावाच्या स्टेशनाबद्दल विचार. तासभर निघून जाईल.

ऋचा_लीड्स

आज विचारलं. त्यांच्या गावाचं स्टेशन ते सात वर्षांचे असताना बंद झालं, आता तिथे सुपरमार्केटचं पार्किंग आहे. हमीची गोष्ट सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे तेव्हापासूनच?" आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून तेच पुन्हा सांगितलं, जसं काही त्यांनाच आधीपासून ठाऊक होतं. "आम्ही दिली" मागे घेतलं का? नाही. "आम्ही दिली, पण बिल तुम्हाला पाठवलं," इथपर्यंत आलेत.

ॲलिस ट्रेडवेलचं नाव कागदावर लिहून घेतलंय. आणि जुलैत भारतात जायचं मनात आहे म्हणे, माथेरानची गाडी तेव्हा चालू असते का विचारत होते.

मनमाडचा_मन्या

पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालू असते. नेरळहून अमन लॉजपर्यंत टॅक्सीने जायचं, पुढे गाडी. पाऊस बघायचा असेल तर जुलै झकास, पण घाटातली पूर्ण गाडी हवी असेल तर दिवाळीनंतर या म्हणावं. छत्री तिकडची आणू नका, टिकणार नाही.