नरनाळा, गाविलगड आणि वाट दाखवणारा माणूस: तुमचे अनुभव लिहा

मागच्या डिसेंबरात आम्ही अकोटची सात माणसं तीन दिवस सातपुड्यात हिंडलो. एक दिवस नरनाळा, एक दिवस चिखलदऱ्याच्या डोंगरवाटा, मग अख्खा दिवस गाविलगड. सोबत तिन्ही दिवस एकच कोरकू आदिवासी गाईड. रायगडावर जाऊन आलेली माणसं आमच्याकडे घरोघरी आहेत, पण उशाशी असलेला नरनाळा कित्येकांनी पाहिलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. गाईडसोबत मुक्काम करत जुने गड पाहिले असतील तर लिहा. दगडाचं लिहा, आणि तो दगड दाखवणाऱ्याचंही.

सुरुवात माझ्यापासून. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजासमोर गाईडभाऊंनी आम्हाला थांबवून ठेवलं. "ऊन तिरपं होऊ द्या." अर्ध्या तासानं बाजूचे सज्जे, कोरलेली कमळं, वरची अरबी अक्षरं एकेक करून दगडातून वर आली. बहामनी सुलतानांचा सरदार फत्तेउल्ला इमादउल्मुल्कनं १४८७ साली बांधलेला हा दरवाजा. तीनच वर्षांनी फत्तेउल्ला बहामनींपासून वेगळा झाला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली. लहानपणी सहलीत याच कमानीखालून मी पळत गेलो होतो, मान वर न करता.

परतवाडा, गृहिणी, वय ५८

माझे गुडघे दुखतात, म्हणून घरचे नाही म्हणत होते. गाईड पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा. पहिल्याच चढाला त्यानं स्वतःची काठी माझ्या हातात दिली. पुढे एका वळणावर एकदम खाली बसला. फोडलेलं वारूळ होतं. "काकू, हे अस्वलाचं काम होय. माती ओलीच हाय अजून." लगेच सगळ्यांना मागे फिरवून दुसऱ्या वाटेनं नेलं. दुपारी तळ्याकाठी आम्ही भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तोही आमच्यात जेवायला बसला, ते मला फार बरं वाटलं.

अडगाव, शिक्षक

आमच्या अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रज आणि मराठ्यांची लढाई झाली. वर्गात दरवर्षी शिकवतो. पण तिथून हरून निघालेली मराठ्यांची फौज गाविलगडावर का गेली, हे मला गड पाहिला त्या दिवशी कळलं.

दक्षिणेकडून गड उभाच्या उभा कडा आहे. जमिनीनं यायला वाट उत्तरेकडून. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेला देवगावजवळ थांबला आणि त्याच्या सोबतच्या स्टीव्हन्सननं तोफा घेऊन सातपुड्यातून सुमारे तीस मैलांचा वळसा घातला. ७ डिसेंबरला निघालेली तुकडी १२ तारखेला उत्तरेकडे लबाडा गावाला पोचली. आम्ही रिकाम्या हातानं चाललो तरी घामाघूम होतो. तोफा ओढणाऱ्या बैलांचं आणि माणसांचं काय झालं असेल, हे मी वाटभर मनात मोजत होतो.

बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्यामध्ये एक घळ आहे. गाईड आम्हाला तिथे घेऊन गेला आणि एक शब्द बोलला नाही. १५ डिसेंबरला बाहेरची भिंत पडली, तरी आतला किल्ला उभाच होता. कॅम्पबेल नावाच्या कॅप्टननं शिड्या लावून भिंत चढली, आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाड गेला. पुस्तकात हे तीन ओळींत संपतं. त्या घळीत उभं राहिल्यावर संपत नाही. मी भिंतीच्या बुडाशी हात ठेवला, दगड सावलीत गार होता. या वर्षी सातवीच्या पोरांना घेऊन जाणार आहे. पालकांशी बोलणं झालंय.

दर्यापूर, सध्या पुण्यात

माझा अनुभव परदेशातला, पण इथेच लिहावासा वाटला. पेरूमध्ये इंका वाटेनं चार दिवस चालून माचू पिचूला गेलो. सगळ्यात उंच खिंड ४२१५ मीटरवर, तिथे चार पावलं टाकली की थांबावं लागे. त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच परवाना मिळतो, त्यात गाईड आणि हमालही धरलेले. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंदच. परवानाधारक गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही. शेवटच्या पहाटे सूर्यदरवाजातून खाली ते शहर दिसलं, तेव्हा शेजारचे अनोळखी लोक रडत होते. मला मात्र एकसारखा गाविलगडचा दिल्ली दरवाजा आठवत होता. अशी जपलेली वाट आणि वाटाड्याला असा मान आमच्या सातपुड्यात हवा, असं मनापासून वाटतं.

मेळघाट, गाईड

मी मराठी शाळेत शिकलो, घरी कोरकू बोलतो, चूकभूल माफ करा. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊनच या. बुरुजाच्या कडेवर फोटोसाठी चढू नका, गवताखाली दगड सुटलेले असतात. प्लास्टिक परत न्या.

येणारे बहुतेक विचारतात, वाघ दिसेल का. मागच्या साली एका मुलीनं देवतलावाच्या काठावर विचारलं, पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, डा. तिनं वहीत लिहून घेतलं. या साली ती आईसोबत परत आली. तळं दिसायच्या आधी, वरच्या उतारावरूनच, तिनं मला हाक मारली आणि खाली बोट दाखवलं, "डा!"