ट्रेनिंगच्या स्लाइड्स: बनवलेल्या आणि सोसलेल्या. अनुभव लिहा

रिकामटेकडी
काल बऱ्याच वर्षांनी ट्रेनिंगला गेले, आणि यावेळी शिकणाऱ्यांच्यात बसले. नवीन सॉफ्टवेअरचं होतं, सकाळी साडेनऊ ते पाच. शिकवणारा मुलगा हुशार, विषय चांगला येत होता त्याला, पण स्लाइडवर असेल तेच वाचायचा आणि वर दर स्लाइडला "हे तर तुम्ही वाचालच" म्हणायचा. अकराच्या सुमारास माझं लक्ष माझ्याच वहीकडे गेलं. कोपऱ्यात रेघा मारत बसले होते, चार उभ्या एक आडवी, त्याच्या "वाचालच"च्या. आणि पोटात गोळाच आला एकदम.

का ते सांगते. मी ट्रेनर झाले त्या पहिल्या वर्षी दोन दिवसांच्या ट्रेनिंगला ११२ स्लाइड्स केल्या होत्या. रात्र रात्र जागून. प्रत्येक ओळ उजवीकडून उडत यायची, शेवटच्या स्लाइडवर हस्तांदोलनाचं चित्र. मला वाटलं काय झकास झालंय. संपल्यावर फीडबॅक फॉर्म गोळा केले तर नेहमीचंच, "छान", "उपयुक्त", "हॉल थंड होता". एका फॉर्मच्या मागे मात्र पेन्सिलीने रेघा. पाच पाचचे गठ्ठे, एकूण ४१. खाली लिहिलेलं, "हे आपण पुढच्या स्लाइडवर बघणारच आहोत". आधी कळेचना काय आहे ते. मग कळलं की हे माझं वाक्य आहे. फॉर्मवर नाव नव्हतं, आणि मी तो फॉर्म अजून जपून ठेवलाय.

नंतर त्या ११२ च्या ३८ केल्या. उरलेलं फेकलं नाही, छापील नोट्समध्ये घातलं, तिथेच शोभत होतं ते. मी एकाच फाइलला दोन कामं लावली होती, समोर बोलायला पण तीच आणि घरी न्यायला पण तीच, म्हणून दोन्ही धड होत नव्हती.

तुमचेही लिहा. दोन्ही बाजूंचे चालतील.

खिडकीजवळची
४१!! मोजणाऱ्याचं लक्ष तरी होतं म्हणायचं :D

शेवटचा बाक
हॉल थंड होता हे प्रत्येक फॉर्मवर असतंच. ट्रेनिंग हॉलचा एसी कोणाच्या हातात असतो हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

तळ्यात मळ्यात
वाचून दाखवण्याबद्दल. मी हे ट्रेनर लोकांना शिकवते म्हणून जरा पाल्हाळ लावणार, बसमध्ये आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. स्लाइडवर पूर्ण वाक्य आलं की समोरचा ते वाचायला लागतो, आणि मनात वाचायचा वेग आपल्या बोलण्यापेक्षा जास्त असतो त्यामुळे तो पुढे जाऊन थांबतो आणि आपण मागून रांगत येतो, मग त्याला आपलं ऐकायचंही नसतं आणि वाचायलाही काही उरलेलं नसतं. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरेच प्रयोग केलेत. चित्र आणि त्यावर बोलणं एवढंच असेल तेव्हा लोक जास्त शिकतात, तेच बोलणं खाली शब्दशः लिहूनही दाखवलं की कमी. पण हा नियम डोळे झाकून लावू नका, ट्रेनिंगची भाषा समोरच्यांची रोजची नसेल तर पडद्यावरच्या शब्दांचा आधार होतो, आणि दोनचार मुख्य शब्द तर कधीच आड येत नाहीत.

दुसरं, मथळे. "सुरक्षा नियम" हा मथळा नाही, ते फाइलचं नाव झालं. "मशीन बंद करून कुलूप लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही" हा मथळा. खाली त्या कुलपाचा फोटो, मोठा. संपली स्लाइड. नुसते मथळे ओळीने वाचले तरी ट्रेनिंगचा सांगाडा कळला पाहिजे. उतरायचं आलं, नंतर लिहिते.

बिनकामाचा
"मागे दिसतंय का?" हे फाइल बनवताना विचारायचं असतं, हॉलमध्ये विचारून काय उपयोग. आमचे एक साहेब तर स्वतःच म्हणायचे, "हे तुम्हाला दिसणार नाही, पण बघा."

खिडकीजवळची
"दिसणार नाही पण बघा" 😂 मेले

जुना खांब
तुम्ही सगळे सुखी आहात. आम्ही ओव्हरहेड प्रोजेक्टरवाले. पारदर्शक शीट, त्यावर मार्करने लिहायचं, घाम आला की हाताला शाई. एकदा माझी चाळीसेक शीट्स पायऱ्यांवर सांडली आणि आकडे घातलेले नव्हते, त्या दिवशीचं ट्रेनिंग ज्या क्रमाने हाताला लागलं त्या क्रमाने झालं. गंमत म्हणजे पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं ते काळंपांढरं होतं आणि अशी शीट छापून काढण्यासाठीच होतं. उडत्या ओळी वगैरे नंतरचं वैभव.

पण शीटचा एक फायदा होता तो सांगतो. पंपाची आकृती शिकवायची तर आधी नुसता बाहेरचा सांगाडा असलेलं शीट ठेवायचं. त्याच्यावर दुसरं, त्यात आतला पंखा. त्याच्यावर तिसरं, पाणी कुठून येतं कुठे जातं त्याचे निळे बाण. लोकांच्या डोळ्यांसमोर पंप उभा राहायचा. आता अ‍ॅनिमेशन नको म्हणणारे भेटतात तेव्हा मी म्हणतो, अहो ओळी उडवू नका हे खरं, पण थर चढवायला ते वापरा की. सगळी आकृती एकदम अंगावर टाकली तर माणूस कुठेतरी कोपऱ्यात बघत बसतो.

घाईतली
जुना खांब काका, शीट्स सांडल्या तेव्हा हसले का लोक?

जुना खांब
लोकांनीच गोळा करून दिली. हसतच.

कुंपणावरची
माझा फॉन्टचा किस्सा. मराठीतून ट्रेनिंग, मोठ्या हौसेने केलेलं, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर अक्षरं मोत्यासारखी. तिथे गेले तर "आमचाच कॉम्प्युटर वापरा" आणि तिथे तो फॉन्ट नाही. पहिल्या स्लाइडवर "स्वागत" च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. एक जण म्हणाला, "मॅडम, पासवर्ड आहे का हा?" दीड तास फळ्यावर काढला.

तेव्हापासून युनिकोड (त्यात फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं), सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड, आणि सोबत एक पीडीएफ. अजून एक, मराठीत ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. आयत्या टेम्प्लेटमध्ये हे बघितलेलं नसतं.

शेवटचा बाक
पासवर्ड आहे का हा 🙏

नवा गडी
सगळं वाचतोय. पुढच्या आठवड्यात माझं पहिलंच ट्रेनिंग आहे, तीन तासांचं, हातपाय गार पडलेत. किती स्लाइड्स ठेवू? कोणी म्हणतं १०-२०-३०, कोणी म्हणतं एका स्लाइडवर सातच ओळी, कोणी म्हणतं मिनिटाला एक.

तळ्यात मळ्यात
पोचले घरी. नव्या गड्या, १०-२०-३० हे गाय कावासाकी नावाच्या अमेरिकन लेखकाचं, १० स्लाइड्स २० मिनिटं ३० पॉइंटचा फॉन्ट, पण ते गुंतवणूकदारांसमोर धंद्याची कल्पना मांडण्यासाठी होतं. त्यातला फॉन्ट घे, बाकी सोड. सात ओळींचं बहुतेक मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखावरून आलं, पण ते माणसाला एका दमात किती गोष्टी लक्षात ठेवता येतात त्याबद्दल आहे, स्लाइडवर तर ओळी समोरच असतात, लक्षात कुठे ठेवायच्यात.

स्लाइड्स मोजूच नकोस. कागद घे, तीन तासांनंतर या लोकांना स्वतःच्या हाताने काय करता आलं पाहिजे ते लिही. तीन किंवा चारच गोष्टी निघतील. मग प्रत्येकीपुढे ते लोक काय करणार ते लिही, तू काय बोलणार ते नाही. आणि मग लॅपटॉप उघड.

रिकामटेकडी
तळ्यातताईंना अनुमोदन. आणि गडी, एक बारीकशी गोष्ट, हातात काम दिलंस की कामाची स्लाइड पडद्यावरून हलवायची नाही. काय करायचं, किती मिनिटांत, शेवटी काय दाखवायचं, या तीन ओळी काम संपेपर्यंत तिथेच. मी पुढच्या स्लाइडवर जाऊन उभी राहायचे आणि सगळे एकमेकांना विचारायचे "काय करायला सांगितलंय?" मला वाटायचं केवढी चर्चा चाललीय!

बिनकामाचा
केवढी चर्चा चाललीय 😂😂 हे आमच्या मीटिंगांनाही लागू.

घाईतली
सॉफ्टवेअर शिकवणारांनो पूर्ण स्क्रीनशॉट टाकू नका हो!! हवं ते बटण कापून मोठं करून टाका, कोपऱ्यात छोटा पूर्ण स्क्रीन म्हणजे कुठे आहे ते कळतं. बाळ उठलं, पळते

काठावरचा
मला लाल हिरवा रंग वेगळा ओळखू येत नाही. एका ट्रेनिंगमध्ये "लाल ते चूक, हिरवं ते बरोबर" असा अख्खा तक्ता होता आणि ट्रेनरबाई मलाच विचारत होत्या सांगा चूक कुठली. मी अंदाजाने तिसरी म्हणालो, बरोबर निघाली, टाळ्या पडल्या. आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा खूपच जास्त असतं, त्यामुळे वर्गात एखादा निघतोच. रंगासोबत फुली आणि बरोबरची खूण टाकली की आमचं काम होतं, एवढंच.

खिडकीजवळची
काठावरचा, टाळ्या तर घेतल्यास ना!

उंबरठा
जरा गंभीर होतंय पण लिहितो. कोलंबिया यान २००३ मध्ये कोसळलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाइड्स केल्या होत्या. त्यातली एक नंतर फार गाजली. मथळा धीर देणारा, खाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे, आणि तळाशी बारीक अक्षरात की आदळलेला तुकडा १९२० घन इंच आणि चाचण्या झाल्यात त्या ३ घन इंचाच्या तुकड्यांवर. म्हणजे ६४० पट. जे मथळ्यात हवं ते तळाला. चौकशी मंडळाने अहवालात तांत्रिक कागदपत्रांऐवजी स्लाइड्स वापरण्यावरच बोट ठेवलं. अपघाताला कारणं बरीच होती, एका स्लाइडने यान पडत नाही, पण मी आता कुठलीही स्लाइड झाली की तळाची ओळ आधी वाचतो. दरवेळी काहीतरी सापडतंच.

कुंपणावरची
हे माहीत नव्हतं. काटा आला.

जुना खांब
उंबरठा, आमच्याकडे इशारे सगळे तळटिपेत असायचे. आता आठवून कसंसंच होतंय.

नवा गडी
विषयांतर, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी पडद्यावर काय ठेवू? आणि लांबून स्लाइड बदलायचा क्लिकर घेऊ का?

बिनकामाचा
क्लिकर घे, पण सेल नवीन घाल. प्रश्नोत्तरांना "धन्यवाद" ठेवू नको, धन्यवाद वाचलं की लोक बॅगा उचलतात. शिकवलेल्याचं एकच चित्र ठेव, त्याकडे बघून प्रश्न सुचतात. आणि कीबोर्डवर बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. मला हे बाराव्या वर्षी कळलं, तोवर मी प्रोजेक्टरसमोर हात धरून उभा राहायचो.

घाईतली
बी माहीत नव्हतं!!! आणि स्लाइडचा आकडा टाकून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जातं. बाळ परत उठलं

खिडकीजवळची
रिकामटेकडी, मूळ प्रश्न राहिलाच. कालच्या त्या मुलाला सांगितलंस का?

रिकामटेकडी
रेघांचा कागद फाडून पर्समध्ये टाकला. फॉर्मच्या मागे काही लिहिलं नाही. पुढेच लिहिलं, नावासकट: "तुम्ही चार वाजता लॅपटॉप बंद करून त्या काकांच्या शेजारी बसून त्यांना एन्ट्री करायला लावलीत, ती वीस मिनिटं मला सगळ्यात जास्त समजली. सकाळचं बरंचसं छापून देता येईल." खाली फोन नंबर दिला. आज दुपारी त्याचा मेसेज आला, म्हणतो जुनी फाइल पाठवू का, बघाल का जरा. ९६ स्लाइड्स आहेत.

शेवटचा बाक
आणि हॉल?

रिकामटेकडी
थंड होता. लिहिलंय तेही.