मागाची खटखट आणि पाणावलेल्या कडा

कडक_भाकरी
एका कथास्पर्धेच्या 29 गोष्टी वाचून आत्ता उठलो. सगळ्या सोलापूरच्या. निम्म्यांत माग 'अविरत खटखटतो', बाप खोकतो, पोरगी कंदिलाखाली अभ्यास करून कलेक्टर होते आणि 'नकळत डोळ्यांच्या कडा पाणावतात'. नकळत कसलं, दोन पानं आधीच कळतंय की बे! असलं गुळगुळीत झालेलं लिहूच नये.

पूर्वभाग
माझा बाप खोकायचाच. काय करू, खोकला बदलू? गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, दर जानेवारीत तेच सात नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, तोच 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'. काटा येतोच ना अंगावर?

कडक_भाकरी
ते हजारोंनी एका दमात म्हणायचं असतं, म्हणून तेच लागतं. गोष्ट एकट्यानं वाचायची असते. गल्लत करूलालास. 12 जानेवारीची भाषणं ऐक. 1931 साली त्याच दिवशी सोलापूरच्या धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. भाषणात दरवर्षी 'रक्ताचा थेंब न थेंब'. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, हे किती पोरांना माहीत आहे? थेंबाखाली माणूसच बुडाला.

बिनसाखरेचा_चहा
मयताला गेल्यावर मी 'वाईट झालं' एवढंच म्हणते. तिथं नवीन काही सुचवत बसले तर हाणतील लोक. ठरलेले शब्द लागतात हो, भाऊ.

पूर्वभाग
मावशी, बरोबर. पण खटखटीचं भाऊंचं पटलं. आमचं घर नि कारखाना एकच. सगळे माग चालू असले की खटखट वेगळी ऐकूच येत नाही, नुसता घुमारा. आई-बाबा ओठ बघून, खुणा करून बोलायचे. सुट्टीच्या दिवशी, माग बंद असतानाही बाबा जेवताना ओरडूनच तेलुगु बोलायचे, पाहुण्यांना भांडण वाटायचं. रात्रपाळीला कामगार असला की बाबा त्या गोंगाटात गाढ झोपायचे. आडवं सूत नेणारा धोटा अडकून एक माग जरी थांबला, की खडबडून जागे.

कडक_भाकरी
अरे, हे लिही की! त्या 29 मध्ये असलं एकही नव्हतं.

पूर्वभाग
लिहिलेलं. दुसऱ्या पानावर. मग वाटलं, ह्यात गोष्ट कुठंय? खोडलं आणि पोरीला कलेक्टर केली.