अनोळखी उद्योग आणि अनोळखी तंत्रज्ञान एकाच वेळी शिकायचे आहे : सल्ला हवा

विश्लेषिका_नवी

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी बँकांच्या संगणकप्रणालींचे विश्लेषण करते आहे. पुढील महिन्यापासून माझ्याकडे कंटेनर वाहतुकीचा प्रकल्प येत असून त्यातील सारी माहिती काफ्कामधून (प्रणालींमध्ये नोंदींची देवाणघेवाण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) फिरते. हा व्यवसाय मला ठाऊक नाही आणि काफ्काला मी आजवर हात लावलेला नाही. दोन आठवडे लेख वाचते आहे, व्हिडिओ पाहते आहे. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण बैठकीत ‘डिमरेज कोणाच्या नावावर पडणार?’ असे कोणी विचारले की मला प्रश्नच कळत नाही. कामापुरती समज यावी म्हणून कोठून सुरुवात करावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

बंदरवाट

वाचन काही दिवस बाजूला ठेवून आपण एकाच कंटेनरची कागदपत्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. ज्या कागदाच्या आधारे पैसा आणि मालाचा ताबा हातोहात फिरतो, तो कागद आधी गाठावा. येथे तो म्हणजे बिल ऑफ लेडिंग. तो माल मिळाल्याची पावती असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो आणि हस्तांतरणीय असेल तर मालावरील हक्काचा दस्तऐवजही असतो. आपण बँकिंगमधून आला आहात, हा येथे फार मोठा फायदा आहे, कारण लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रात) बँक माल न पाहता कागद पाहून पैसे देते आणि त्या कागदांत बहुधा हाच असतो.

व्यापारात खर्च आणि जोखीम कोणाची, हे ठरवणाऱ्या इन्कोटर्म्स २०२० मधील सर्व ११ नियम पाठ करण्याची गरज नाही. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) आणि सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) एवढे दोन शेजारी ठेवून पाहावेत. सीआयएफमध्ये भाडे आणि विमा विक्रेता भरतो, तरीही दोन्हींत माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. खर्च एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे असू शकते, हे उमगले की बैठकीतले बरेचसे वाद कळू लागतात.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर सवलतीचे दिवस उलटूनही भरलेला कंटेनर टर्मिनलमध्येच पडून राहिला की सर्वसाधारणपणे डिमरेज हे विलंबशुल्क लागते, आणि बाहेर नेलेला कंटेनर मुदतीत रिकामा करून परत दिला नाही की डिटेन्शन. कोणी भरायचे, हे करार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ओळ_आणि_क्रम

काफ्काही त्याच कंटेनरवर शिकावे. लिंक्डइनमध्ये घडलेले आणि २०११ मध्ये मुक्त स्रोत झालेले हे तंत्रज्ञान मुळात पुढे वाढत जाणारी एक नोंदवही आहे. सुरुवातीला टॉपिक (एका विषयाच्या नोंदींचा प्रवाह), पार्टिशन (त्याचा एक भाग) आणि ऑफसेट (त्या भागातील नोंदीचा क्रमांक) हे तीनच शब्द पक्के करावेत. आपल्याच संगणकावर तीन पार्टिशनचा टॉपिक तयार करून ‘फाटकातून आत आला’, ‘जहाजावर चढला’, ‘उतरवला’, ‘बाहेर गेला’ या नोंदी ‘की’ (नोंद कोणत्या पार्टिशनमध्ये जाईल, हे ठरवणारी ओळख) न देता, थोड्या थोड्या वेळाने पाठवाव्यात. त्या वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात, आणि क्रमाची हमी एका पार्टिशनपुरतीच असल्यामुळे वाचणाऱ्याला कंटेनर चढण्याआधीच उतरलेला दिसू शकतो. मग कंटेनर क्रमांक ‘की’ म्हणून द्यावा, म्हणजे त्याच्या साऱ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये जातात. पुढे पार्टिशनची संख्या वाढवली तर ही विभागणी बदलते, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

वाचल्यामुळे नोंद पुसली जात नाही. मूळ मांडणीत ती किमान १६८ तास, म्हणजे ७ दिवस, राहते. सागरी प्रवास अनेकदा काही आठवड्यांचा असतो, तेव्हा जुना इतिहास कोठे साठवला जातो, हे आपल्या चमूला पहिल्याच दिवशी विचारावे.

विश्लेषिका_नवी

आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. कंटेनर क्रमांकच ‘की’ होणार असल्याने मी आधी त्याचीच रचना तपासली. कंटेनर क्रमांकांच्या आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक असतो. अक्षरांना १० पासून, ११ च्या पटी वगळून, किमती देतात आणि प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ असे दुपटीने गुणतात. सीएसक्यूयू ३०५४३८३ हा नमुना मी कागदावर सोडवला : बेरीज ६१८५ आली, ११ ने भागल्यावर बाकी ३ उरली, आणि शेवटचा अंकही ३ च आहे. दस्तऐवज विभागातील एका सहकाऱ्यांनी उद्या अर्धा दिवस देऊ केला आहे. त्यांच्याकडे एका पूर्ण झालेल्या फेरीचे कागद मागितले आहेत.