जड टूरर की हलकी क्रूझर? आपापले अनुभव सांगा

मालवी_माणूस:
परवा इंदूरच्या टॉवर चौराह्याच्या पंपावर एक पोरगा जुनी कास्ट आयर्न बुलेट चालू करत होता. हँडलवरची छोटी कळ दाबली, किक हळूहळू खाली नेली, अँमीटरचा काटा मधोमध आला तसा थांबला, कळ सोडली आणि मग एकच लाथ. मी पेट्रोल भरायचं सोडून बघत उभा. शेवटी मागचा अ‍ॅक्टिवावाला म्हणाला, "भिया, आगे तो बढो."

आमच्या रामबागेतल्या वाड्यात थोरल्या काकांची अशीच होती. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. रस्त्यावर काका राजे, पण रात्री ती आत घ्यायची म्हणजे सोहळाच. उंबऱ्यावर सागाची फळी टाकायची, काका हँडलला, मी आणि चुलतभाऊ मागून रेटणार. फळी सरकली की काका जे बोलायचे ते ऐकायला शेजारपाजारचे खिडकीत यायचे. त्याच गाडीवर काकू एका बाजूला पाय टाकून, मांडीवर डबा धरून महेश्वरला जायच्या.

आता आमची पन्नाशी आली, मुलगी नोकरीला पुण्याला गेली, म्हटलं एक धड गाडी घेऊ. गाडं अडलंय रॉयल एनफील्डच्या दोन क्रूझरमध्ये, म्हणजे बुटकी सीट आणि पाय पुढे पसरून बसायचं: लांब पल्ल्याची टूरर म्हणून सुपर मीटिऑर ६५०, की हलकी मीटिऑर ३५०. एक २४१ किलो, दुसरी १९१. म्हणजे शरबती गव्हाचं एक पोतं कायमचं जास्त. जाणं मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, कधीमधी पुणे. दोघंही जाणार. कंपनीचे आकडे मला पाठ आहेत, ते नकोत. तुमच्या हातापायांना काय कळलं ते लिहा.

भेरूघाट:
६५०. विषय संपला.

मालवी_माणूस:
संपवू नका हो, जरा वाढवा.

भेरूघाट:
ऑफिसात होतो, आता लिहितो. माझ्याकडे आधी ३५० होती, आता ६५०. पुण्याला दोन्हीवर गेलोय. मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा इथपर्यंत ३५० मजेत जाते. ८०-९० वर ठेवा, काही बोलत नाही. खेळ सुरू होतो बिजासन घाटात. पुढे ट्रेलर, त्याच्या पुढे आणखी ट्रेलर, मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. २० हॉर्सपॉवरला तिसऱ्यात उतरा, जागा बघा, निघा, अर्ध्यात वळण आलं की परत मागे या. ६५० ला ४७ ची ताकद आहे, मनगट जरा फिरवलं की ट्रेलर मागे. धुळ्याला पोचल्यावर फरक कळतो, ३५० वर मेंदू दमलेला असायचा.
पण खरं सांगू? माझी ६५० आठवड्यातले पाच दिवस कव्हरखाली असते. ऑफिसला स्कूटर.

पोह्यावर_शेव:
कव्हरखाली ठेवायला साडेतीन-चार लाख 😄 आमच्या गल्लीत त्याला सोफा म्हणतात

भेरूघाट:
तुमच्या गल्लीत दुसऱ्याच्या गाडीवर बसून फोटो काढतात हेही सांगा की.

सुदामानगरची_काकू:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. तुम्ही सगळे पुढे बसणारे. टॉर्क, आवाज, मनगट. मागे कोण बसतं? आमच्या ह्यांनी क्रूझर घेतली, दिसायला फार देखणी. मागची सीट माझ्या पोळपाटापेक्षा लहान, वर मागे उतरती. ह्यांनी गाडी पळवली की मी मागे, ब्रेक मारला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर ठक्क. मांडूला जहाज महालासमोर उतरले तर दोन मिनिटं सरळ उभंच राहता येईना. मार्गदर्शक म्हणतो, "मॅडम, आइए, इतिहास बताता हूँ." म्हटलं थांब बाबा, आधी माकडहाड जागेवर येऊ दे.
पाठीला टेकू असलेलीच घ्या. आणि वहिनींना शोरूममध्ये न्या. नुसतं "कशी दिसते" विचारायला नाही, मागे बसवून बायपासला फिरवून आणा.

मालवी_माणूस:
काकू, ही म्हणते रंग मी ठरवणार, बाकी तुमचं तुम्ही बघा.

सुदामानगरची_काकू:
म्हणते ना? पहिल्या मांडूनंतर काय म्हणते ते बघा.

पाना_पेचकस:
क्रूझरवर पाठीला दणका का बसतो ते सांगतो. साध्या बाइकवर पाय खाली, गुडघ्याखाली असतात. खड्डा दिसला की माणूस नकळत पायांवर जोर देऊन बूड उचलतो. क्रूझरला चालवणाऱ्याचे पाय पुढे पसरलेले, उचलणार कशावर? दणका सरळ मणक्यात. त्यात या जातीच्या गाड्यांच्या मागच्या शॉकला चाल, म्हणजे दबायची जागा, कमी. म्हणून स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, दोघांच्या वजनाला वाढवून घ्यायचा. नव्वद टक्के लोक शोरूममधून आली तशीच चालवतात.

वजनाचं म्हणाल तर नुसता किलोचा आकडा धरून बसू नका. सुपर मीटिऑरची सीट ७४० मिलिमीटरवर, दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात. एनफील्डचीच उंच हिमालयन ४५० आहे १९६ किलो, पण सीट ८२५ वर. साडेपाच फुटी माणसाला सिग्नलवर तीच जड वाटेल, कारण चवड्यावर उभा आहे. २४१ किलो चालताना गायब होतात. त्रास सगळा शून्य ते पाच किलोमीटर स्पीडमध्ये. पार्किंग, यू-टर्न, उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढणं. होंडाने आपल्या अवजड टूररला, गोल्ड विंगला, रिव्हर्स गियर उगाच नाही दिलेला.

आणि एक, ६५० चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, १३५ मिलिमीटर, ३५० चा १७०. तुमच्या कॉलनीत घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा स्पीडब्रेकर बांधलाय का ते बघून ठेवा.

पोह्यावर_शेव:
लोकमान्य नगरात बांधलेत. एक तर चक्क दोन पायऱ्यांचा आहे

बडोदेकर:
आमच्या बडोद्यात चढ म्हणजे पावागढ, बाकी सगळं सपाट, त्यामुळे ताकदीचं एवढं कौतुक नाही. पण लक्षात ठेवा, अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. दिल्ली-मुंबईवालाही तसाच, तुमच्या रतलाम-झाबुआवरून गेलेला. मोठी टूरर घेतली म्हणून कोणी आत सोडत नाही, तीच गाडी जुन्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे. दाहोदमार्गे इंदूरला येतो तेव्हा ६५० वाले मित्र आणि मी चहाला एकाच वेळी पोचतो.
माझी एलिमिनेटर होती, बजाजने कावासाकीबरोबर काढलेली, २००१ ची. १७५ सीसी. अलकापुरीत सिग्नलला थांबलो की रिक्षावाले विचारायचे, "केटला नी आवी?" त्यानंतर बजाजची अ‍ॅव्हेंजर आली आणि क्रूझर म्हणजे पैसेवाल्याचा नाद हे संपलं.

स्कूटी_ते_क्रूझर:
अ‍ॅव्हेंजरचं नाव निघालंच आहे तर मी बोलते. उंची पाच फूट दोन, अ‍ॅव्हेंजर २२०, १६३ किलो. विजय नगरच्या सिग्नलला रोज कोणीतरी काच खाली करून "मॅडम, झेपते का?" विचारतंच. झेपते. जानापावच्या चढावर खडीवरून चाक सरकलं आणि उजव्या अंगावर आडवी झाली, एकटीने उचलली.
कशी ते सांगते, कारण जड गाडी घेणाऱ्यांना हे कोणीच शिकवत नाही. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर पडलेली असतानाच साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उभी करताना पलीकडे जाईल. पहिला गियर टाकायचा म्हणजे घसरत नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवून बसकण मारायची, एक हात खालच्या ग्रिपला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला (मागे बसणाऱ्याच्या दांड्याला), आणि पाठ ताठ ठेवून पायांनी छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. कमरेत वाकून समोरून ओढणारे पुरुष मी बघितलेत. मग ते आठवडाभर बाम लावतात.

भेरूघाट:
ताई, बामवाला मीच 🙏

मालवी_माणूस:
ताई, २४१ पण अशीच उठते का?

स्कूटी_ते_क्रूझर:
भावाची उचलून बघितलीय. उठते, पण उठल्यावर शेजारी पाणी प्यायला बसावं लागतं. एकदा स्वतः उचलून बघा, मग पैसे भरा. शोरूमवाले नाही उचलू देणार म्हणा.

पाना_पेचकस:
शोरूमवाल्याला आडवी करू का विचाराल तर तो आधी तुम्हालाच बाहेर काढेल.

जीरावन:
पैशाचं कोणी बोललंच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. त्याच्या वरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होता तो ४०. म्हणजे ३४९ सीसीची मीटिऑर खाली आली आणि ६४८ ची सुपर मीटिऑर वर गेली. वरून विमा, टायर सगळंच जास्त. उरलेल्या पैशात दोन चांगली हेल्मेटं, जॅकेटं आणि वर्षाचं पेट्रोल.
दुसरं, मोठ्या गाडीला सर्व्हिस देताना माणूस बघून द्या. माझ्या मित्राच्या गाडीची चेन एका ठिकाणी इतकी ताणून दिली की राऊपर्यंत घर्र घर्र करत आली.

भेरूघाट:
जीएसटीचं खरंय. मी आधी घेतली म्हणून वाचलो.

सुदामानगरची_काकू:
कुकर झाला, पोळ्या झाल्या, परत आले. महेश्वरला जाणार असाल तर मागे कॅरियर लावून घ्या, साड्यांचा खोका हातात धरून आणलाय मी धामनोदपर्यंत. तिथून ह्यांनी तो टाकीवर घेतला. पेट्रोल भरायला थांबलो तर आधी साडी उतरवायची, मग झाकण.

स्कूटी_ते_क्रूझर:
काकू कुठली घेतली? गर्भरेशमी?

सुदामानगरची_काकू:
हो, रेशीम आणि सूत मिळून विणतात ना ती. चटईची किनार. फोटो टाकते रात्री.

पोह्यावर_शेव:
गाड्यांचं चाललं होतं ना

मालवी_माणूस:
चालू दे हो. आज दोन्ही चालवून आलो, हिला मागे घेऊन. ६५० वर बायपासला लागलो आणि दोन मिनिटं आम्ही दोघं काही बोललोच नाही, इतकी सुरेख चालते. हिलाही टेकू आवडला. परत आल्यावर शोरूमचा पोरगा म्हणाला, सर, जरा आत लावून द्या. तिरकी फरशी, मागे दुसरी गाडी. मी ढकलतोय, ती हलत नाही, ही बाजूला उभी राहून हसतेय. शेवटी तो पोरगाच आला. ३५० मी एकट्याने लावली. आमच्या घराच्या फाटकात उतार आहे आणि रात्री आत घ्यायला आता घरात कोणी पोरं नाहीत. त्यामुळे ३५०, टेकू आणि कॅरियर वेगळा बसवून. हिने लाल सांगितलाय.

भेरूघाट:
बिजासनमध्ये भेटू. मी वर थांबून चहा सांगून ठेवतो.

बडोदेकर:
अभिनंदन! गाडी आली की इकडे या, पावागढ दाखवतो.

जीरावन:
पेढे नकोत, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस.

पोह्यावर_शेव:
आता मोसम संपत आला भुट्ट्याचा, लवकर आणा गाडी. आणि त्यात दूध घालतात का हो? बायको विचारतेय

सुदामानगरची_काकू:
घालतात. किसून तुपात परतायचा, मग दूध घालून आटवायचा. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, वरून खोबरं-कोथिंबीर, लिंबू. अमेरिकन मका घेऊ नका, गोड होतो. देशी मिळाला तर बघा.