लागण, बाधा, मुरणे, उचल खाणे: कुठे कोणता शब्द?

मेघना, भांडुप
आमच्या महिला मंडळासाठी एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगामागचा विषाणू) लशीचं पत्रक करतेय. हिंदीवरून आलेल्या मसुद्यात जागोजागी 'संक्रमण' आहे. त्याजागी काय घालू? आणि 'विषाणू पेशींमध्ये सुप्तावस्थेत राहतो' हे आमच्या चाळीत कोणाला कळेल?

गिरगावकर
'संक्रमण' काढाच. मराठीत सूर्याचं संक्रमण होतं, रोगाची लागण होते. 'संसर्ग' चालेल, थोडा सरकारी वाटतो इतकंच. 'बाधा' मात्र जपून वापरा. भूतबाधा, विषबाधा, कोरोनाबाधित... बाधा म्हटलं की माणूस आजारी पडलाच. एचपीव्हीची लागण झालेल्या बहुतेक बायकांना काही होत नाही, त्यांना कळतही नाही.

सुप्रिया सिस्टर, परळ
'सुप्त'ची गरजच नाही. वॉर्डात बायका स्वतःच सांगतात: ताप अंगात मुरला, दुखणं उलटलं, जुन्या आजाराने उचल खाल्ली. तिन्ही वेगळं आहे बरं का.

उलटणं म्हणजे बरं वाटता वाटता तेच दुखणं परत येणं. उचल खाणं म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू कण्याजवळच्या चेतापेशींत दबा धरून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती घटली की त्यातल्या एखाद्या चेतातंतूवरून खाली उतरतो. म्हणून पुरळ अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं उठतं. तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो म्हणतात ना, ते निव्वळ थोतांड. पण त्या भीतीने लोक आधी मंत्र घालायला जातात, आणि औषध सुरू करायचे पहिले तीन दिवस तिथेच संपतात.

मुरणं म्हणजे हिपॅटायटिस बी. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो विषाणू हटवतं. जन्मताच झाली तर १० पैकी ९ बाळांमध्ये तो यकृतात कायमचा राहतो आणि पुढे सिरॉसिस (यकृत कडक होत निकामी होणं), कर्करोगापर्यंत नेऊ शकतो.

गिरगावकर
सिस्टर, 'मुरणं'ला माझी हरकत आहे. लोणचं मुरलं तर चांगलं झालं म्हणतो आपण!

सुप्रिया सिस्टर
काका, पाणी भिंतीतही मुरतं.

अनिकेत, मुलुंड (सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो)
दोघंही लपलेल्या विषाणूबद्दल बोलताय. एचपीव्हीत खरी गोष्ट पेशीची आहे. एरवी पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की पी५३ नावाचं प्रथिन तिचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती जमली नाही तर तिला मरायला लावतं. एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांचं ई६ प्रथिन पी५३चाच नाश करवतं, ई७ दुसरा लगाम सोडवतं. पेशी मरत नाही, वाढत सुटते, चुका साठत जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हा विषाणू असल्याचं दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. तेव्हा 'उचल खाल्ली' इथे चुकीचं. विषाणू 'घर करतो' आणि पेशी 'बिघडते', असं लिहा.

सीमा, कुर्ला
आणि चिकनगुनियाचं काय? ताप आठवड्यात गेला, सांधे अजून धरलेत.

अनिकेत, मुलुंड
त्यात विषाणू रक्तातून बहुधा आठवडाभरात जातो, सांधेदुखी महिनोन्‌महिने राहू शकते. त्याला 'मागे ठेवून गेलेलं दुखणं' म्हणा, मुरलेलं नको.

मेघना, भांडुप
मग असं लिहू? 'एचपीव्हीची लागण बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जाते. काहींच्यात विषाणू घर करतो, पेशी बिघडत जातात आणि १५-२० वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून लस लागण होण्याआधी, ९ ते १४ वयात घ्यावी. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये.'

गिरगावकर
'काहींच्यात' नको, 'काहींच्या अंगात' करा. बाकी छापायला द्या.